वॉर्डातली स्टुलं परत द्या

इंदूर शहरातल्या सरकारी आणि खासगी रुग्णालयांचे अधीक्षक, व्यवस्थापक आणि मेट्रन ताई यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात मी काम करते त्या रुग्णालयात एक तोंडी हुकूम निघाला. वॉर्डातली स्टुलं काढून घ्यायची. 'आया आणि वॉर्डबॉय बसून राहतात, राउंडला बरं दिसत नाही,' असं कारण सांगितलं गेलं. दुपारी स्टोअरचा माणूस आला आणि आमच्या वॉर्डातली चार लोखंडी स्टुलं एकावर एक रचून घेऊन गेला. त्यातल्या एकाचा पाय वाकडा होता. फरशीवर आवाज होऊन कुणाची झोपमोड होऊ नये म्हणून मी त्याला खालून कापूस आणि गॉज बांधून ठेवलं होतं. ते स्टूल नजरेआड होईपर्यंत मी दारात उभी होते, पण तेव्हा तोंडातून शब्द निघाला नाही. आता लिहून सांगते. रुग्णालयाचं नाव घालत नाही, कारण मी आजवर तीन ठिकाणी काम केलं आणि फरक असलाच तर उन्नीस-बीसचा होता. म्हणून पत्र तुम्हा सगळ्यांना आहे.

मी १९ वर्षं हे काम करते. कागदावर माझं पद नर्सिंग असिस्टंट. हल्ली नव्या मुली येतात, त्यांच्या सर्टिफिकेटवर जनरल ड्युटी असिस्टंट असं असतं. रुग्णांना यातलं काही ठाऊक नसतं. मराठी माणसाची मी मावशी, हिंदी बोलणाऱ्याची दीदी नाहीतर आंटी, आणि घाई असली की नुसतं 'अरे, कोई है?' मी इंजेक्शन देत नाही, औषध ठरवत नाही. स्पंजिंग, बेडपॅन, डायपर, चादर, दर दोन तासांनी कूस बदलणं, घास भरवणं, एक्सरेला नेणं-आणणं, आणि वेळ आलीच तर देह स्वच्छ करून गुंडाळून देणं, ही माझी कामं. डॉक्टर राउंडला येतात, एकेका पलंगापाशी दोन-तीन मिनिटं थांबतात. सिस्टरच्या हातात तीस रुग्णांचे चार्ट असतात. दिवसभरात रुग्णाच्या अंगाला सगळ्यात जास्त वेळ आमचा हात लागलेला असतो. उघड्या पाठीवरून गरम पाण्याचा कपडा फिरत असताना माणसं जे बोलतात, ते राउंडला कधी बोलत नाहीत.

माझं मागणं एवढंच आहे की ते ऐकून घेणं आमच्या कामात धरा.

रामबागेतल्या एक आजी होत्या. वय ७८. बाथरूममध्ये पडून खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन नीट पार पडलं होतं. तिसऱ्या रात्री दोनच्या सुमाराला त्यांनी सलाइन उपसून टाकलं आणि पलंगाच्या कठड्यावरून पाय बाहेर काढायला लागल्या. 'दूध उतू जातंय, सोडा मला, दूध उतू जातंय.' एरवी त्यांचं हिंदी आम्हा सगळ्यांपेक्षा शुद्ध होतं, शाळेत शिकवायच्या त्या. त्या रात्री हिंदीचा एक शब्द त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता, आणि ड्युटीवर जे होते त्यांना मराठी येत नव्हतं. 'माताजी पगला गई हैं,' म्हणत वॉर्डबॉयनं गॉजच्या पट्टीनं त्यांचे दोन्ही हात कठड्याला बांधले. मी दुसऱ्या वॉर्डातून आले तेव्हा आजी ती पट्टी ओढत होत्या आणि मनगटांवर लाल वळ उठले होते.

मी स्टूल ओढलं, त्यांच्या तोंडासमोर बसले आणि म्हटलं, "आजी, गॅस बंद आहे. तुम्ही दवाखान्यात आहात, पायाचं ऑपरेशन झालंय, रात्रीचे दोन वाजलेत. मी इथेच बसलेय." त्यांनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली, पण मी त्यांना दिसत नव्हते. चष्मा नव्हता. पाटल्या आणि अंगठीबरोबर मुलगा चष्माही घरी घेऊन गेला होता, हरवायला नको म्हणून. कानाचं मशीन ड्रॉवरमध्ये पडलं होतं. ते घातलं, हात सोडले. मग अंग पुसता पुसता पोटावर हात गेला तर ओटीपोट दगडासारखं लागलं. कॅथेटर सकाळी काढला होता आणि डायपर तेव्हापासून कोरडं होतं. कोरडं होतं म्हणून कुणी उघडून पाहिलं नव्हतं. मी सिस्टरला बोलावलं, तिनं डॉक्टरांना फोन लावून पुन्हा कॅथेटर घातला, साडेआठशे एमएल लघवी निघाली. पहाटे आजी झोपल्या. सकाळी त्यांना दुधाचं काही आठवत नव्हतं. हात बांधल्याचं मात्र आठवत होतं.

डॉक्टर याला डिलिरियम म्हणतात. हे वेड नव्हे आणि म्हातारचळही नव्हे. काही तासांत किंवा एखाद्या दिवसात सुरू होतं, मध्येच उतरतं, रात्री पुन्हा चढतं, आणि मुळाशी बहुतेक वेळा शरीरातलंच काहीतरी असतं. लघवी तुंबलेली, पोट साफ नाही, इन्फेक्शन, सोडियम उतरलेलं, अंगात पाणी कमी, दुखणं न सांगता येणं, नाहीतर एखादं औषध. याचा दुसरा प्रकार जास्त फसवा आहे. त्यात माणूस ओरडत नाही, गप्प पडून राहतो, हाक मारली की डोळे उघडतो आणि पुन्हा मिटतो. अशा रुग्णाचं वॉर्डात कौतुक होतं, 'बहुत शांत पेशंट है.' त्या शांतपणाची मला आता भीती वाटते.

माझी मुलगी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करते आहे. हे सगळं तिनं मला तिच्या वहीतून समजावून सांगितलं. अमेरिकेतल्या येल न्यू हेवन रुग्णालयात ८५२ वयस्कर रुग्णांवर एक अभ्यास झाला, तो १९९९ मध्ये छापून आला, हेही तिनंच सांगितलं. तिथे कुठलं नवं औषध दिलं नव्हतं. चष्मा आणि कानाचं मशीन लावून देणं, आज वार कोणता आणि आपण कुठे आहोत हे सांगत राहणं, बोलणं, थोडं चालवणं, पाणी पाजणं, रात्री झोपू देणं, एवढंच नेमानं केलं. नेहमीच्या पद्धतीनं ठेवलेल्यांत १५ टक्के रुग्णांना डिलिरियम झाला, या रुग्णांत ९.९ टक्के. आणि यातली बरीचशी कामं प्रशिक्षण दिलेल्या स्वयंसेवकांनी केली होती. मोठ्या डिग्रीवाल्यांचीच गरज लागली असं नाही, हे ऐकून मी तिला तो भाग दोनदा वाचायला लावला.

हात बांधण्याबद्दल आणखी थोडं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, लागू झाला २९ मे २०१८ ला. त्या कायद्यानं मनोरुग्णालयातसुद्धा रुग्णाला बांधण्यावर अट घातली आहे. तातडीचा धोका टाळायला दुसरा मार्गच उरला नसेल आणि त्या रुग्णाचे उपचार पाहणाऱ्या मनोविकारतज्ज्ञांची मंजुरी असेल तरच, आणि त्याची नोंद ठेवून. आपल्या हाडांच्या वॉर्डात मात्र रात्री दोन वाजता एकटा वॉर्डबॉय गॉजची पट्टी काढतो आणि सकाळी त्याचा कुठे उल्लेख नसतो. तो मुलगा वाईट नाही. त्याला दुसरं काही करता येतं हे कुणी शिकवलंच नाही.

भाषेचं दुखणं आपल्या शहरात मोठं आहे. होळकरांच्या काळापासून इथे मराठी घरं आहेत. नातवंडं घरातही हिंदीच बोलतात, म्हणून अॅडमिशनच्या वेळी मुलगा सांगतो, 'माँ को हिंदी आती है.' येतेच. पण तापात, भुलीतून उठताना, डोकं भरकटल्यावर म्हातारं माणूस पहिल्या भाषेत शिरतं आणि तिथून त्याला बाहेर आणायला तीच भाषा लागते. मराठीचं तरी बरं, कुणीतरी सापडतं. झाबुआ, अलीराजपूर, धार, बडवानीहून रेफर होऊन जी माणसं येतात त्यांचं काय? त्यांच्या भिली, भिलालीत वॉर्डात बोलणारं कोण असतं?

अलीराजपूरकडची एक मुलगी होती, वीस-एकवीसची असेल. सातव्या महिन्यात बाळंत झाली. बाळाला लगेच एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या खास कक्षात, हलवलं होतं. नवरा बाहेर औषधांच्या धावपळीत. ही तीन दिवस एक शब्द बोलली नाही. दूध काढायला सांगितलं तर मान फिरवायची. 'शरमाती है,' असं सगळे म्हणत. मलाही तसंच वाटलं, हे कबूल करते. चौथ्या दिवशी सफाईच्या कामावर एक नवीन बाई आल्या, झाबुआच्या. मी त्यांना हात धरून आत आणलं. त्या मुलीशी दोन वाक्यं बोलल्या आणि मुलगी हंबरडा फोडून रडायला लागली. बाळ गेलं असं ती धरून बसली होती. आणलं नाही म्हणजे गेलं, असा तिचा सरळ हिशेब. तीन दिवस ती जिवंत बाळाचं सुतक पाळत होती आणि आम्ही तिच्या उशाशी जेवणाचं ताट ठेवून जात होतो. त्याच दुपारी व्हीलचेअरवर बसवून तिला एसएनसीयूच्या काचेपाशी नेलं. ती काचेला कपाळ टेकवून बसली ती उठेचना. संध्याकाळी तिनं स्वतःहून दूध काढायला वाटी मागितली.

केसशीटवर रक्तगट लिहायला जागा असते, धर्म लिहायला जागा असते. त्याच्या खाली एक ओळ वाढवा. घरी बोलतात ती भाषा कोणती, आणि घरी काय म्हणून हाक मारतात. आणि रुग्णालयातल्या सफाईवाल्यांपासून लिफ्टमनपर्यंत कुणाला कोणती भाषा येते याची एक यादी नर्सिंग स्टेशनवर चिकटवून ठेवा. याला एक रुपयाही लागत नाही. 'बेड चौदा' आणि 'हिपवाली माताजी' म्हणून हाक मारण्यापेक्षा 'कुलकर्णी बाई' किंवा 'आत्या' म्हटल्यावर माणसाच्या चेहऱ्यात काय फरक पडतो, ते मी रोज पाहते.

आता बेड नऊच्या काकांचं सांगते. हे सांगितल्याशिवाय पत्र पुरं होणार नाही.

मालवा मिलच्या बाजूला राहणारे, छप्पन वर्षांचे. मिल सुटल्यापासून रिक्षा चालवत होते. शुगरमुळे पाय सडला आणि उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. जखम छान भरत होती. राउंडला विचारलं की 'ठीक' म्हणायचे. पाचव्या दिवशी ड्युटी बदलताना, हँडओव्हरच्या वेळी मी म्हटलं, बेड नऊचे काका मला बरे वाटत नाहीत. उत्तर आलं, 'शुगर नॉर्मल है, बीपी नॉर्मल है, और क्या चाहिए? तुम चादर बदलो.' माझ्याकडे सांगायला आकडा नव्हता. माझ्याकडे जे होतं ते असं. खिचडीचे दोन घास, पुढे नको. तोंड सतत भिंतीकडे. तीन दिवस दाढी करू दिली नाही. बायको आली की झोपल्याचं सोंग. आणि त्या संध्याकाळी त्यांनी हातातलं घड्याळ काढून मुलाला दिलं होतं, 'आता तूच वापर.' मुलगा ते घालून खुशीत घरी गेला.

मी चादर बदलली. दुसऱ्या दिवशी उशीचा अभ्रा बदलताना आत रुमालाची पुरचुंडी सापडली, तीत न घेतलेल्या गोळ्या. गोळ्या परत उशीत ठेवायचा प्रश्नच नव्हता. पण सिस्टरकडे जायच्या आधी मी दोन मिनिटं त्यांच्याजवळ बसले आणि विचारलं, "काका, जगायला नको असं मनात येतं का?"

असं विचारायला सगळे घाबरतात. आपण विचारलं तर डोक्यात नसलेलं भरेल, असं वाटतं. तसं होत नाही, मनोविकारतज्ज्ञ स्पष्ट सांगतात की थेट विचारल्यानं विचार पेरला जात नाही, उलट माणसाला बोलायला वाट मिळते. काका बराच वेळ बोलले नाहीत. बादलीतलं पाणी गार झालं. मग म्हणाले, "रिक्षाचा ब्रेक उजव्या पायाला असतो, मावशी."

एवढंच बोलले आणि मग रडू आलं. सगळ्यांनी त्यांना शुगरबद्दल विचारलं होतं, जखमेबद्दल विचारलं होतं, रिक्षाबद्दल कुणीच नाही. मी त्यांना सांगितलं की हे मी स्वतःपाशी ठेवू शकत नाही, सिस्टरला आणि डॉक्टरांना सांगणार आहे, पण वॉर्डभर सांगणार नाही. या वेळी पुरचुंडी समोर ठेवल्यावर माझं ऐकलं गेलं. संध्याकाळी मनोविकारतज्ज्ञ येऊन बसले, पलंग नर्सिंग स्टेशनसमोर हलवला, रात्री मुलगा सोबतीला राहिला, गोळ्या समोर उभं राहून द्यायच्या ठरल्या. तीन दिवसांनी त्यांनी दाढी करून घेतली. अकराव्या दिवशी घरी गेले. पुढचं मला माहीत नाही, डिस्चार्जबरोबर आमचा धागा तुटतो.

पण त्या पुरचुंडीच्या आधीचा एक दिवस मला विसरता येत नाही. मी सांगितलं होतं आणि ते सांगणं कुठे लिहिलं गेलं नव्हतं. ते घड्याळ, ते दोन घास, ती दाढी, हे त्या दिवशीच्या कागदावर कुठे बसतच नव्हतं. म्हणून माझं दुसरं मागणं. हँडओव्हरच्या कागदावर आमच्या नावानं एक ओळ ठेवा. 'बेड ९, जेवत नाही, घड्याळ देऊन टाकलं.' आम्हाला निदान करायचं नाही, आजाराचं नाव द्यायचं नाही. पाहिलं ते सांगायचं आहे, आणि सांगितलेलं कागदावर यायला हवं आहे. इनचार्ज सिस्टरवर माझा राग नाही, त्यांच्या डोक्यावर तीस पलंग होते.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आपला मध्य प्रदेशही होता. बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेनं ते केलं. देशात शंभरातल्या सुमारे १०.६ मोठ्या माणसांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता, आणि निरनिराळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. ही माणसं कुठे असतात? हात मोडला, साखर वाढली, पॅरालिसिसचा झटका आला की आपल्याच वॉर्डात येऊन पडतात. झटक्यानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं, असं डॉक्टर सांगतात. मनाच्या डॉक्टरांचं नाव काढलं की घरचे दचकतात, आणि आमच्यातलंच कुणीतरी म्हणतं, 'बाणगंगा भेजना पडेगा,' म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात. असं पलंगापाशी उभं राहून बोललेलं मी ऐकलं आहे. ज्यानं स्वतःला इजा करून घेतली त्याच्याकडे बोट दाखवून 'पुलिस केस है' म्हणतात, तेही ऐकलं आहे. त्याच २०१७ च्या कायद्याचं कलम ११५ सांगतं की असा माणूस तीव्र तणावाखाली होता असं धरून चालायचं, त्याला शिक्षा करायची नाही, आणि त्याची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी आहे. हे आमच्या ट्रेनिंगमध्ये कुणी सांगितलं नाही. टेली-मानस नावाची सरकारी हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, क्रमांक १४४१६, चोवीस तास, फुकट. प्रत्येक वॉर्डाच्या दारावर आणि डिस्चार्जच्या कागदावर तो मोठ्या अक्षरांत असायला हवा. मी माझ्या वॉर्डात हातानं लिहून लावला होता, रंगकामाच्या वेळी तो निघाला.

आम्ही ऐकायला बसलो म्हणजे काहीही बोलायला मोकळ्या आहोत, असं मी म्हणत नाही. ऐकणंही शिकावं लागतं आणि मी ते चुकून शिकले. एक बाई होत्या, पोटाचा कॅन्सर. घरच्यांनी आम्हाला बाहेर बोलावून बजावलं होतं, 'त्यांना सांगू नका, अल्सर आहे म्हणून सांगितलंय.' एका सकाळी केस विंचरत असताना त्यांनी मला विचारलं, "मावशी, माझं हे बरं होणारं आहे का?" मी फणी न थांबवता म्हटलं, "होणार की, सगळं ठीक होईल." त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुम्हीपण?" त्यानंतर त्या माझ्याशी हवापाण्यापलीकडे बोलल्या नाहीत. नऊ दिवसांनी गेल्या. त्यांना माहीत होतं, घरच्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि त्या शेवटच्या नऊ दिवसांत त्यांना ते कुणापाशीच बोलता आलं नाही. कुणाला काय सांगायचं ते मी ठरवू शकत नाही, ते डॉक्टरांचं काम. पण खोटा दिलासा न देणं माझ्या हातात होतं. आज मी असले प्रश्न आले की थांबते. 'तुम्हाला काय वाटतंय?' असं विचारते, आणि 'डॉक्टरांशी बोलायचंय का, मी निरोप देऊ का?' म्हणते. देवाधर्माचं मी आपणहून काढत नाही. 'इतरांकडे बघा, त्यांचं किती वाईट आहे' हे तर कधीच नाही. हात लावायच्या आधी काय करणार ते सांगते, पडदा ओढते, आधी उजवा हात पुसू की डावा ते विचारते. ज्याच्या हातून सगळं सुटलंय, त्याला तेवढं तरी ठरवता येतं.

हे मला कुणी एका ठिकाणी शिकवलं असतं, तर त्या बाईंचे नऊ दिवस कदाचित वेगळे गेले असते. आमच्या शहरात मेडिकल कॉलेज आहे, मानसोपचार विभाग आहेत. नव्या आया आणि वॉर्डबॉय घेता तेव्हा त्यांना दोन दिवस तिथे पाठवा. बेडसोर कसा टाळायचा हे शिकवता तसं हेही शिकवा.

आता वेळेचं. तुम्ही म्हणाल माणसं आधीच कमी, त्यात गप्पा कशा परवडतील. ज्याला उठता येत नाही अशा माणसाचं स्पंजिंग नीट करायचं तर पंधरा मिनिटं लागतातच. पाठ पाहायची, टाचा पाहायच्या, तोंड साफ करायचं, कपडे बदलायचे. बोलणं त्याच पंधरा मिनिटांत होतं, वेगळा तास लागत नाही. मात्र दोन वॉर्डांना मिळून एकच बाई ठेवली की पंधराची सात मिनिटं होतात, पहाटे चार वाजता दिवे लावून झोपलेल्यांना उठवून सुरुवात करावी लागते, आणि आम्ही दोघी पलंगाच्या दोन बाजूंना उभ्या राहून रुग्णाच्या डोक्यावरून एकमेकींशी घरच्या गोष्टी बोलत अंग पुसून मोकळ्या होतो. असं मीही केलेलं आहे. ती पंधरा मिनिटं कापू नका, आणि पहाटे चारची घाई बंद करून रुग्णांना झोपू द्या.

बसण्याबद्दलही मुलीनं एक गोष्ट शोधून दिली. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाच्या रुग्णालयात १२० रुग्णांवर पाहणी केली, २०१२ मध्ये ती प्रसिद्ध झाली. एकच सर्जन काही रुग्णांपाशी उभं राहून बोलले, काहींपाशी बसून. घड्याळानं पाहिलं तर वेळ जवळपास सारखाच गेला होता. पण ज्यांच्यापाशी ते बसले, त्या रुग्णांना वाटलं डॉक्टर आपल्याजवळ जास्त वेळ होते. तेव्हा आमच्या हातातली स्टुलं काढून घेताना तुम्ही आमचा आराम काढून घेतला असं तुम्हाला वाटलं असेल. पलंगावर आडव्या पडलेल्या माणसाला उभ्या माणसाची हनुवटी दिसते. बसलं की डोळे दिसतात.

आमच्यासाठी म्हणून एकच मागते. वॉर्डात कुणी गेलं की वीस मिनिटांत गादी पुसून चादर घालून पलंग तयार लागतो, पुढचा पेशंट इमर्जन्सीत थांबलेला असतो, हे मला समजतं. पण त्या दिवशी ड्युटी सुटताना इनचार्जनं आम्हाला एकदा 'कशी आहेस?' विचारावं. कोविडच्या दिवसांत, २०२० आणि २०२१ मध्ये, नातेवाइकांना आत येऊ देत नव्हते तेव्हा मी पीपीई घालून मोबाइल हातात धरायचे आणि पलीकडून त्यांची मुलं बोलायची. त्यातले कित्येक त्यांचे शेवटचे फोन ठरले. ते आवाज अजून माझ्याबरोबर आहेत आणि आजवर कुणी त्यांच्याबद्दल विचारलेलं नाही.

येत्या सोमवारपासून माझी आठवडाभर नाइट आहे. तुमच्यापैकी कुणाला यायचं असेल तर सकाळी साडेपाचला या, चपला बाहेर काढा आणि हात धुऊन घ्या. बेड सहाला एक आजोबा आहेत, अर्ध्या अंगावरून वारं गेलंय, बोलता येत नाही पण डाव्या हातानं सगळं सांगतात. मी त्यांची पाठ पुसत असताना तुम्ही त्यांच्यासमोर बसा. बसायला मी घरून एक मोडा आणून ठेवते. चार स्टुलं स्टोअरमध्ये डाव्या हाताच्या कोपऱ्यात आहेत, जुन्या सलाइन स्टँडच्या मागे. वाकड्या पायाचं आमचं आहे.

आपली नम्र,
एक वॉर्ड मावशी
इंदूर